यूएसबी कंट्रोल मेसेज: जुने फंक्शन सोडून नवी जोडी वापरावी का, आणि अपुऱ्या उत्तराचे काय करावे?

प्रश्न — शीतपेटी

नमस्कार मंडळी,

आमच्या छोट्या कारखान्यात शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी एक यूएसबी पेटी बनते. तिच्यात एक मायक्रोकंट्रोलर, दोन तापमापक आणि एक रिले (विजेने चालणारा स्विच) एवढाच ऐवज आहे. शून्य क्रमांकाच्या एंडपॉइंटखेरीज (एंडपॉइंट म्हणजे उपकरणातले डेटा येण्या-जाण्याचे टोक) दुसरा एंडपॉइंट या पेटीत नाही, त्यामुळे सगळी देवाणघेवाण कंट्रोल मेसेजमधूनच, म्हणजे ठरावीक विनंत्या पाठवूनच होते. विनंती क्रमांक १ पाठवली की पेटीने ६ बाइट परत द्यायचे असतात: पहिल्या तापमापकाचे दोन, दुसऱ्याचे दोन आणि आतापर्यंत किती मोजण्या झाल्या ते सांगणाऱ्या गणकाचे दोन. विनंती क्रमांक २ रिले चालू करते आणि क्रमांक ३ तो बंद करते. या दोन्ही विनंत्यांबरोबर कोणताही डेटा जात नाही.

लिनक्ससाठीचा ड्रायव्हर माझ्या आधी येथे काम करणाऱ्या सहकाऱ्याने ४.९ कर्नलवर (लिनक्सच्या गाभ्याच्या त्या आवृत्तीवर) लिहिला होता आणि तो ६४-बिट आर्म बोर्डावर अनेक वर्षे विनातक्रार चालला. आता आम्ही बोर्ड ६.१ कर्नलवर नेला. ड्रायव्हर बांधताना एकही इशारा आला नाही, परंतु चालवल्यावर तापमान वाचणारी विनंती प्रत्येक वेळी -११ हा आकडा परत देऊ लागली आणि कर्नलच्या लॉगमध्ये ‘ट्रान्सफर बफर इज ऑन स्टॅक’ अशी ओळ दिसली. रिले मात्र व्यवस्थित चालतो. फक्त पहिल्यांदा तो चालू करताना लॉगमध्ये ‘बोगस कंट्रोल डिर’ असा लांबलचक इशारा उमटतो.

स्टॅकवरचा (फंक्शनच्या तात्पुरत्या मेमरीतला) बफर, म्हणजे उत्तर ठेवण्याची जागा, काढून मी के-मॅलॉक या कर्नलच्या फंक्शनने वेगळी मेमरी घेतली, तेव्हा -११ येणे थांबले. पण काही पेट्यांवर गणकाचा आकडा अशक्य वाटावा इतका मोठा दिसतो. खरे सांगायचे तर ही तक्रार जुन्या कर्नलवरही अधूनमधून येत असे आणि त्यापायी आम्ही दोन पेट्यांमधले तापमापक बदलूनही पाहिले होते.

माझे प्रश्न असे. यूएसबी_कंट्रोल_एमएसजी या जुन्या फंक्शनऐवजी नावाच्या शेवटी ‘सेंड’ आणि ‘रिसीव्ह’ असलेली नवी फंक्शने मी वापरावीत का? ती वापरल्याने गणकाचा दोष जाईल का? शिवाय, दर सेकंदाला आपोआप वाचन व्हावे म्हणून मी कर्नलचा टायमर लावून पाहिला, तर ‘स्केड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ अशी चूक येऊन यंत्रणा अडखळली. तेथे माझे काय चुकले?

उत्तर १ — आठ_बाइट

पहिल्या दोन अडचणींची कारणे वेगळी आहेत, पण दोन्ही चुका ड्रायव्हरमध्ये पहिल्या दिवसापासून होत्या. नव्या कर्नलने त्या फक्त उघड्या पाडल्या आहेत.

आधी दिशेचा इशारा पाहू, कारण तो समजायला सोपा आहे. प्रत्येक कंट्रोल मेसेजची सुरुवात आठ बाइटांच्या सेटअप पॅकेटने होते. त्यातला पहिला बाइट विनंतीचा प्रकार सांगतो: सर्वांत वरचा बिट दिशेचा, त्याखालचे दोन बिट विनंती प्रमाणित आहे, एखाद्या वर्गाची आहे की उत्पादकाची स्वतःची आहे हे सांगणारे, आणि उरलेले पाच बिट ती विनंती उपकरणाला, इंटरफेसला की एंडपॉइंटला उद्देशून आहे हे सांगणारे. दुसरा बाइट म्हणजे विनंतीचा क्रमांक. त्यानंतर मूल्य, निर्देशांक आणि लांबी यांची प्रत्येकी दोन बाइटांची तीन घरे येतात. उपकरणाला उद्देशून असलेली, उत्पादकाची स्वतःची, डेटा आत आणणारी विनंती म्हणजे हेक्स (सोळाच्या पायावरचा आकडा) सी०, आणि बाहेर नेणारी विनंती म्हणजे हेक्स ४०. माझा तर्क असा आहे की आपल्या सहकाऱ्याने रिलेच्या विनंत्यांनाही सी० हाच प्रकार आणि आत येणारा पाइप (एंडपॉइंट आणि दिशा सांगणारा आकडा) दिला असावा, कारण वाचनाच्या ओळीची नक्कल करून त्यात क्रमांक बदलणे हा आपणा सर्वांचाच रिवाज आहे.

ज्या विनंतीत लांबी शून्य असते, तिच्यातला दिशेचा बिट यूएसबीच्या विनिर्देशानुसार विचारातच घ्यायचा नसतो. डेटाचा टप्पा नसल्यामुळे अशी विनंती ‘बाहेर जाणारी’ धरली जाते. ५.१४ पासून कर्नल पाइपची दिशा आणि सेटअप पॅकेटची दिशा जुळते का ते तपासतो आणि शून्य लांबीच्या विनंतीसाठी बाहेरचाच पाइप मागतो. म्हणून इशारा येतो, आणि विनंती तरीही पुढे जात असल्यामुळे रिले चालतो.

येथे एक खबरदारी घ्यावी लागेल. आपले फर्मवेअर (पेटीतला प्रोग्रॅम) पहिला बाइट सी० आहे का हे अक्षरशः पडताळून पाहत असेल, तर ४० पाठवल्यावर ते विनंती नाकारील. अशा वेळी विनंतीचा प्रकार सी० तसाच ठेवावा आणि पाइप तेवढा बाहेरचा द्यावा. लांबी शून्य असल्याने कर्नलची त्याला हरकत नसते. ग्राहकांकडे विखुरलेल्या पेट्यांचे फर्मवेअर बदलत बसण्यापेक्षा हा मार्ग बरा.

आता स्टॅकविषयी. आपण दिलेला बफर यूएसबी नियंत्रकाकडे डीएमएसाठी जातो, म्हणजे प्रोसेसरला मध्ये न घेता नियंत्रक स्वतः त्या पत्त्यावर लिहितो. पूर्वी कर्नलचा स्टॅक सरळ नकाशातल्या मेमरीत असे, त्यामुळे त्याचा भौतिक पत्ता काढता येई आणि नियम मोडूनही काम भागत असे. पुढे स्टॅक आभासी नकाशातल्या मेमरीत ठेवण्याची सोय आली: एक्स८६ वर ४.९ मध्ये, ६४-बिट आर्मवर ४.१४ मध्ये. आपला ड्रायव्हर ४.९ वर आर्म बोर्डात चालला याचे उत्तर या दोन आकड्यांत आहे. तोच ड्रायव्हर त्याच कर्नलच्या एक्स८६ यंत्रावर ही सोय चालू ठेवून लावला असता, तर तो तेव्हाच अडखळला असता.

आणि नकाशाचा प्रश्न नसता तरीही स्टॅकवरचा बफर धोक्याचाच आहे. ज्या बोर्डांवर कॅशे (प्रोसेसरजवळची जलद मेमरी) आणि डीएमए यांचा मेळ हार्डवेअर आपोआप घालत नाही, तेथे बफरची कॅशे-ओळ डीएमएच्या वेळी रिकामी करावी लागते. त्याच ओळीत शेजारी दुसरे चल असले, तर त्याची ताजी किंमत पुसली जाऊ शकते किंवा आलेला डेटा बिघडू शकतो. म्हणून ड्रायव्हरच्या स्वतःच्या रचनेच्या पोटात ‘६ बाइटांची रांग’ ठेवून तिचा पत्ता देणेही टाळावे. रचना के-मॅलॉकने घेतलेली असली, तरी त्या रांगेचे शेजारी त्याच ओळीत बसलेले असतात.

नवी जोडी ५.१० मध्ये, म्हणजे डिसेंबर २०२० मध्ये आली, ती नेमकी याच चुकांमुळे. सेंड आपण दिलेल्या डेटाची स्वतः घेतलेल्या मेमरीत नक्कल करते. रिसीव्ह आधी स्वतःच्या मेमरीत उत्तर घेते आणि मग आपल्या बफरमध्ये उतरवते. त्यामुळे आपला बफर स्टॅकवर असला तरी चालतो. पाइप द्यावा लागत नाही, फक्त एंडपॉइंटचा क्रमांक द्यायचा, म्हणजे पाइपच्या बाजूने दिशा चुकण्याची शक्यता संपते. यश मिळाले तर शून्य, अपयश आले तर ऋण आकडा, असा सरळ व्यवहार आहे. माझे मत विचाराल तर सगळीकडे नवीच फंक्शने वापरावीत.

उत्तर २ — अर्धी_वाटी

आठ_बाइट यांचे स्टॅकविषयीचे विवेचन मला मान्य आहे, परंतु ‘सगळीकडे नवीच’ हा सल्ला मी देणार नाही. मूळ दुखणे गणकाच्या आकड्याचे आहे आणि त्यावर अजून कोणी बोट ठेवलेले नाही.

जुने फंक्शन यशस्वी झाले की किती बाइट आले तो आकडा परत देते. सहा मागितले आणि चारच आले, तर त्याच्या दृष्टीने ती चूक नसते. ते निमूटपणे ४ परत देते. ड्रायव्हरमध्ये मात्र बहुतेक वेळा ‘परत आलेला आकडा शून्यापेक्षा लहान आहे का’ एवढीच चौकशी केलेली असते. तशी ती असेल, तर बफरमधले शेवटचे दोन बाइट पेटीने लिहिलेलेच नसतात. स्टॅकवर असताना तेथे आधीच्या एखाद्या फंक्शनचा उरलासुरला मजकूर असतो, आणि के-मॅलॉकने घेतलेल्या मेमरीत त्या तुकड्याच्या आधीच्या मालकाचा. आपला ‘अशक्य’ गणक हा बहुधा कर्नलच्या मेमरीतला असा शिळा तुकडा असावा. हा केवळ चुकीच्या आकड्याचा प्रश्न नाही. कर्नलच्या मेमरीतला मजकूर अशा रीतीने वापरकर्त्याच्या हाती पडणे ही सुरक्षेचीही फट आहे.

हे अनुमान आहे, म्हणून तपासून पाहा. यूएसबीवरची देवाणघेवाण नोंदवणारे यूएसबीमॉन हे मॉड्यूल चढवा आणि डीबग फाइल प्रणालीतल्या यूएसबीमॉनच्या निर्देशिकेत आपल्या बसच्या क्रमांकाची फाइल वाचत राहा. प्रत्येक मेसेजच्या दोन ओळी दिसतील. पहिली पाठवण्याची, तिच्यात सेटअप पॅकेटचे आठही बाइट उलगडून छापलेले असतात. दुसरी पूर्ण झाल्याची. तिच्यात आधी स्थितीचा आकडा, मग प्रत्यक्ष आलेली लांबी आणि पुढे डेटा असतो. दोषी पेटीवर दुसऱ्या ओळीत स्थिती ० आणि लांबी ६ पेक्षा कमी दिसली, तर चोर सापडला असे समजा.

आता माझ्या मतभेदाकडे येतो. रिसीव्ह हे फंक्शन अपुऱ्या उत्तराला चूक ठरवते: मागितले तितके बाइट आले नाहीत, तर -१२१ परत देते आणि जे बाइट आले होते तेही आपल्या बफरमध्ये उतरवत नाही. ज्या विनंतीचे उत्तर ठरलेल्या लांबीचेच असते, तेथे हे वागणे उत्तम आहे. पण ज्या उपकरणाचे उत्तर कमीजास्त लांबीचे असू शकते, तेथे ते गैरसोयीचे ठरते. आपल्या पेट्या खरोखर चार बाइट देत असतील, तर नवे फंक्शन लावल्यावर गणकाचा कचरा जाईल हे खरे, पण त्याबरोबर त्या पेट्यांचे तापमानही जाईल, आणि ग्राहकाला गणकापेक्षा तापमान अधिक मोलाचे आहे.

शीतपेटी

दोघांचेही मनापासून आभार. आज तीन पेट्या लावून यूएसबीमॉनची नोंद घेतली. दोन पेट्यांच्या परतीच्या ओळीत लांबी ६ आहे; तिसरीच्या ओळीत स्थिती ० आणि लांबी ४. ड्रायव्हरमध्ये अर्धी_वाटी म्हणतात तशीच अर्धी चौकशी आहे.

जुने कागद चाळल्यावर उलगडा झाला. सुरुवातीच्या फर्मवेअरमध्ये गणक नव्हताच. तो नंतर ग्राहकांच्या मागणीवरून वाढवला गेला. म्हणजे आम्ही दोन पेट्यांचे तापमापक बदलले ते चोर सोडून संन्याशाला फाशी देण्यासारखे झाले. रिलेच्या बाबतीतही आठ_बाइट यांचा तर्क तंतोतंत खरा निघाला: सी० आणि आतला पाइप.

उत्तर ३ — बाहेरचा_रस्ता

थोडे वेगळे विचारतो. दोन तापमाने आणि एक रिले यांसाठी कर्नलमध्ये ड्रायव्हर कशाला हवा? लिबयूएसबी या लायब्ररीच्या साहाय्याने हेच कंट्रोल मेसेज साध्या प्रोग्रॅममधून पाठवता येतात. तेथे बफर कुठे आहे याची काळजी नाही, चूक झाली तर प्रोग्रॅम कोसळतो, यंत्र नव्हे, आणि कर्नल बदलला म्हणून ड्रायव्हर पुन्हा बांधावा लागत नाही. परत येणारा आकडा तेथेही आलेल्या बाइटांचाच असतो, तेव्हा अर्धी चौकशी तेथेही नडेल, इतकेच.

शीतपेटी

प्रश्न रास्त आहे. ग्राहकांकडची देखरेखीची प्रणाली कर्नलच्या एचडब्ल्यूमॉनमधून (तापमापकांसारख्या मापकांच्या सामाईक व्यवस्थेतून) सगळी तापमाने वाचते आणि त्यांना आमच्या पेटीसाठी वेगळा प्रोग्रॅम चालवायचा नाही. एचडब्ल्यूमॉनमध्ये नोंदणी करायची तर ड्रायव्हर कर्नलमध्येच हवा, असे आमचे गणित आहे.

उत्तर ४ — झोपेचा_हिशेब

एचडब्ल्यूमॉनचा उल्लेख केलात ते बरे झाले, कारण त्याने टायमरचा प्रश्न जवळजवळ मिटतोच.

जुने फंक्शन असो की नवी जोडी, तिन्ही फंक्शने मेसेज पूर्ण होईपर्यंत झोपतात. टायमरचे फंक्शन मात्र अशा संदर्भात चालते, जेथे झोपण्याची मुभाच नसते. इंटरप्टच्या हाताळणीत आणि स्पिनलॉक (न झोपता वाट पाहायला लावणारे कुलूप) हाती असतानाही ती नसते. म्हणून ‘स्केड्युलिंग व्हाइल अ‍ॅटॉमिक’ आले. एचडब्ल्यूमॉनमध्ये कोणी तापमानाची फाइल वाचली की आपले वाचनाचे फंक्शन त्या प्रक्रियेच्या संदर्भात बोलावले जाते, तेथे झोपता येते. तेव्हा दर सेकंदाला पेटीला उठवत बसण्यापेक्षा विचारणा झाली तरच मेसेज पाठवावा. तरीही नियमित वाचन हवेच असेल, तर टायमरऐवजी विलंबित वर्कक्यू (झोपता येईल अशा संदर्भात नंतर चालणाऱ्या कामांची रांग) वापरावी आणि डिस्कनेक्टमध्ये, म्हणजे पेटी काढल्यावर चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तिचे काम ‘सिंक’ प्रकाराने रद्द करावे, म्हणजे चालू असलेले काम संपल्याशिवाय पुढे जाता येत नाही.

झोपणे अजिबात परवडत नसेल, तर स्वतः यूआरबी (एका यूएसबी मेसेजची कर्नलमधली रचना) भरून सादर करण्याचा असमकालिक मार्ग आहे. त्यात पूर्ण झाल्याचा निरोप एका कॉलबॅकमधून येतो. आपल्याला त्याची गरज नाही, पण कधी त्या वाटेने गेलात तर दोन गोष्टी ध्यानात असू द्याव्यात. सेटअप पॅकेटचे आठ बाइटसुद्धा तेथे डीएमएला चालणाऱ्या मेमरीत आपणच ठेवायचे असतात, आणि मूल्य, निर्देशांक व लांबी ही घरे लहान बाइट आधी या क्रमाने आपणच लिहायची असतात. समकालिक फंक्शने ही उलटापालट स्वतः करतात, त्यामुळे त्यांना साधे आकडे द्यावे लागतात. एका वाटेची सवय दुसऱ्या वाटेवर नेली की एकतर उलटापालट दोनदा होते किंवा होतच नाही. आपल्या बोर्डावर दोन्ही चुका लपून राहतील, कारण तो लहान बाइट आधी ठेवणाराच आहे.

नव्या जोडीला शेवटी मेमरी कशी घ्यावी हे सांगणारा एक ध्वज द्यावा लागतो. आपल्यासाठी जीएफपी_कर्नल योग्य. पण उपकरण झोपेतून उठवताना किंवा रीसेटच्या आधी-नंतर जी फंक्शने चालतात, तेथून मेसेज पाठवायचा असेल तर जीएफपी_नोआयओ द्यावा. कारण असे की, मेमरी अपुरी पडली तर जीएफपी_कर्नल डिस्कवर पाने लिहून जागा करण्याचा प्रयत्न करू शकतो, आणि ती डिस्क जर त्याच रीसेटची वाट पाहत असलेल्या यूएसबी उपकरणात असेल, तर दोघेही एकमेकांची वाट पाहत बसतील.

वेळमर्यादा मिलिसेकंदांत असते आणि शून्य दिल्यास त्याचा अर्थ ‘अनंत काळ थांब’ असा होतो. आपल्या जुन्या ड्रायव्हरमध्ये शून्य असेल तर ते आजच बदला. कर्नलमध्ये ५००० हा आकडा स्थिरांक म्हणून दिलेला आहे आणि विनिर्देशातही विनंती पूर्ण करण्याची कमाल मर्यादा ५ सेकंदांचीच आहे. इतक्या छोट्या पेटीसाठी मी १००० ठेवीन. -११० आला तर मर्यादा उलटली असे समजावे. -३२ आला तर पेटीने विनंती नाकारली. शून्य एंडपॉइंटवरचा हा नकार पुढच्या सेटअप पॅकेटबरोबर आपोआप निघून जातो, त्यामुळे तेथे अडथळा काढण्याचे वेगळे फंक्शन बोलावण्याची आवश्यकता नसते. -७१ वारंवार येऊ लागला, तर मी सर्वांत आधी केबल बदलून पाहीन.

शेवटचा मुद्दा मेसेज चालू असताना पेटी उपसली जाण्याचा, आणि माझ्या मते तो सर्वांत दुर्लक्षित आहे. समकालिक फंक्शनांमध्ये यूआरबी आपल्या हाती नसते, म्हणून चालू मेसेज आपल्याला रद्द करता येत नाही. डिस्कनेक्टला तो संपेपर्यंत थांबावेच लागते. एचडब्ल्यूमॉनची नोंदणी डिस्कनेक्टमध्ये स्वतः रद्द केली, तर चालू असलेली वाचने संपल्यावरच ते फंक्शन परतते आणि मग रचना मोकळी करणे सुरक्षित असते. पण नोंदणी ‘डेव्हएम’ प्रकाराने (कर्नल नंतर आपोआप मोकळी करतो अशा रीतीने) केली असेल तर ती डिस्कनेक्टनंतर रद्द होते. अशा वेळी डिस्कनेक्टमध्येच रचनेची मेमरी मोकळी केली, तर मधल्या क्षणी आलेले वाचन मोकळ्या मेमरीवर जाऊन पडेल. रचनाही डेव्हएम प्रकारानेच घ्यावी, म्हणजे दोन्ही उलट क्रमाने, बिनबोभाट मोकळ्या होतात. मी एकदा हीच चूक केली होती. ती टेबलावर वर्षभर दिसली नाही, आणि ग्राहकाच्या सफाई कामगाराने चालू पेटीची केबल काढली त्या दिवशी दिसली.

उत्तर ५ — आठ_बाइट

अर्धी_वाटी यांचा आक्षेप मला पटला. चार बाइटांच्या पेट्या प्रत्यक्षात आहेत असे कळल्यावर ‘सगळीकडे नवीच’ हे मी मागे घेतो. रिलेसाठी सेंड मात्र निर्धास्त वापरावे. तिला डेटाच्या जागी नल आणि लांबी शून्य दिली तरी चालते, आणि बाहेरचा पाइप ती स्वतःच घेते.

वाचनासाठी एक मधला मार्ग सुचवतो. उपकरणाच्या वर्णनात उत्पादकाने दिलेला आवृत्तीचा आकडा असतो, ज्याला बीसीडीडिव्हाइस म्हणतात, आणि तो वाचण्यासाठी नवा मेसेजही पाठवावा लागत नाही. पेटी ओळखली गेली तेव्हाच कर्नलने तो घेऊन ठेवलेला असतो. प्रोबमध्ये (पेटी जोडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये) त्यावरून उत्तर चार बाइटांचे की सहा बाइटांचे हे ठरवावे आणि पुढे ठरलेल्या लांबीने रिसीव्ह वापरावे. मग अपुरे उत्तर ही खरोखरच चूक ठरेल.

शीतपेटी

कल्पना फार आवडली होती, पण आमच्याच हलगर्जीपणाने ती बाद झाली. गणक वाढवला तेव्हा बीसीडीडिव्हाइस बदलायचे राहून गेले. जुन्या-नव्या सर्व पेट्या १.०० असेच सांगतात.

म्हणून तिचे रूप थोडे बदलले. प्रोबमध्ये एकदाच, के-मॅलॉकने घेतलेला बफर देऊन, जुन्या फंक्शनने सहा बाइट मागतो. परत आलेला आकडा ६ असेल तर पेटी नवी, ४ असेल तर जुनी, आणि अन्य काहीही आले तर प्रोबच नाकारतो. ती लांबी रचनेत लिहून ठेवली आणि तेथून पुढचे प्रत्येक वाचन त्याच लांबीने रिसीव्ह करते. जुन्या पेटीसाठी गणकाची फाइल आता तयारच होत नाही. रिलेकडे सेंड आहे आणि विनंतीचा प्रकार सी० तसाच ठेवला, कारण फर्मवेअर तो खरोखरच पडताळते असे दिसले. टायमर काढून टाकला, वेळमर्यादा शून्य होती ती १००० केली, नोंदणी आणि रचना दोन्ही डेव्हएम प्रकाराच्या केल्या. वाचन चालू ठेवून केबल वीस-पंचवीस वेळा काढून-घालून पाहिली. लॉग स्वच्छ आहे.

उत्तर ६ — अर्धी_वाटी

उत्तम. फक्त बाइटांच्या क्रमाची चाचणी कोणत्या तापमानावर घेतलीत ते सांगाल का? मूल्य आणि निर्देशांक यांची उलटापालट फंक्शन करते हे वर आले आहे, परंतु उत्तरात आलेल्या डेटाला ते हात लावत नाही. तेथे क्रम आणि चिन्ह या दोन्ही गोष्टी आपल्यालाच पाहाव्या लागतात.

शीतपेटी

उणे १८ अंशांवर, कारण गोठवलेल्या मालाच्या शीतगृहात तेच ठेवायचे असते. पेटी अंशाचा शंभरावा भाग देते, म्हणजे -१८००. आकडा बरोबर आला.

उत्तर ७ — अर्धी_वाटी

तीच गंमत आहे. -१८०० हा आकडा १६ बिटांत लिहिला की हेक्स एफ८एफ८ होतो, म्हणजे दोन्ही बाइट सारखेच. ते उलटे वाचले तरी उत्तर तेच येणार, त्यामुळे क्रमाची चूक या एका तापमानावर कधीच दिसणार नाही. चिन्हाची चूक तेवढी दिसेल, कारण चिन्ह विसरले तर ६३७.३६ अंश येतात. पेटी उणे १७ किंवा अधिक २५ अंशांवर ठेवून पुन्हा पाहा. आणि एचडब्ल्यूमॉनला अंशाचा हजारावा भाग लागतो, तेव्हा दहाने गुणायचे विसरू नका.

शीतपेटी

उणे १७ वर पाहिले: एचडब्ल्यूमॉनच्या फाइलमध्ये -१७००० आले. खोलीत २५.४० अंश असताना २५४००. उद्या जुन्या फर्मवेअरच्या उरलेल्या पेट्या लावून पाहतो.